टीबी झाला तेव्हा घरात बाळंतीण होती

खोकला

नागपूरजवळच्या कोराडीत खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. वीजकेंद्राच्या वसाहतीत सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की राखेचा पट्टा उमटतो. मी कोळसा हाताळणीच्या विभागात नोकरीला लागलो तेव्हापासून दर हिवाळ्यात खोकत आलो आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास खोकला सुरू झाला तेव्हा मी गुळण्या केल्या, लवंग चघळली आणि कामावर जात राहिलो.

पँट ढिली झाली तेव्हा बरं वाटलं. पोट कमी करा म्हणून डॉक्टर मागेच लागले होते. थंडी पडली तरी पहाटे बनियन ओला होऊ लागला. तो धुताना एकदा माझी बायको शीला म्हणाली, "एवढ्या थंडीत घाम काहून येऊन राहिला तुम्हाले?" मी म्हटलं, रजई जाड आहे.

तेव्हा आमची मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डिसेंबरात तिला मुलगी झाली. बाळाची तेलमालीश आणि आंघोळ झाली की मी तिला घेऊन गॅलरीत उन्हाला बसायचो. ती माझ्या छातीवर झोपून जायची. माझं तोंड तिच्या टाळूपासून चार बोटांवर असायचं. पुढे कित्येक आठवडे मी डोळे मिटले की मला हेच अंतर दिसत होतं.

आता मी बरा आहे. औषधांबद्दल जे सांगायचं ते दवाखान्यात सांगतात. घरात काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सीताबर्डीतला फोन

खोकल्याची औषधं दोनदा बदलून झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरून पाहिला. मग त्यांनी मला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवलं. मी थुंकीचा नमुना देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला बाळासाठी स्वेटर घ्यायला गेलो.

व्हरायटी चौकाजवळच्या एका दुकानात मी दोन स्वेटर समोर ठेवून उभा होतो, एक पिवळा आणि एक पांढरा. तेवढ्यात फोन आला. दवाखान्यातल्या बाई होत्या. आवाज कोरडा होता, पण घाई नव्हती.

"थुंकीत टीबीचे जंतू सापडले आहेत. उद्या सकाळी या, औषध लगेच सुरू करू. घरात लहान मूल आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"किती मोठं?"

"एक महिन्याचं."

"मग आज घरी गेल्यावर त्याला जवळ घेऊ नका. आणि उद्या येताना त्याला आणि त्याच्या आईला पण घेऊन या."

दुकानदाराने विचारलं, कोणता देऊ. मी पिवळा म्हटलं. बाहेर नेहमीसारखी गर्दी होती. मोबाइलची कव्हरं विकणारे ओरडत होते, मेट्रो वरून जात होती. मी रुमाल तोंडाला बांधून कोराडीच्या बसमध्ये चढलो आणि मागच्या कोपऱ्यात खिडकी उघडून बसलो. शेजारी एक बाई येऊन बसली. वारा लागतो म्हणून तिने खिडकी लावायला सांगितली. मी उठलो आणि उभा राहून कोराडीपर्यंत आलो.

दाराबाहेर

मी घरात गेलो नाही. जिन्यातूनच शीलाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. तिने आधी आत वळून पाहिलं, मग शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "कोणाले सांगू नका. निमोनिया झाला म्हणून सांगू."

"प्रणालीला तर सांगावं लागेल."

"तिले सांगू. पण तिच्या सासरी नाही. उद्या म्हणतील, टीबीच्या घरची पोरगी करून आणली."

प्रणाली दारात येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिले रोज छातीवर घेऊन बसत होते." एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझी गादी समोरच्या खोलीत घातली, खिडक्या उघड्या ठेवल्या. आतल्या खोलीतून बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि मी तोंड उशीत दाबून खोकत असे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तपासणी झाली. शीला आणि प्रणाली ठीक निघाल्या. बाळाला बालरोगाच्या डॉक्टर मॅडमनी बराच वेळ तपासलं. तिचं वजन केलं, छातीचा फोटो काढला. तो फोटो तळहाताएवढा. त्या म्हणाल्या, "आत्ता तिला आजार नाही. पण जंतू शरीरात गेले नसतील असं मी म्हणू शकत नाही. म्हणून सहा महिने रोज एक गोळी कुटून द्यायची. एक दिवस पण चुकवायचा नाही. वजन वाढत राहिलं तर आपण जिंकलो."

एक महिन्याच्या मुलीला रोज गोळी, आणि ती माझ्यामुळे.

भिवंडी

माझे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. मी चौथी-पाचवीत असताना त्यांना टीबीच्या एका सॅनेटोरियममध्ये नेलं. घरी सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर म्हणायचं, बाबा भिवंडीला पॉवरलूमवर कामाला गेले. मी ते इतक्यांदा सांगितलं की भिवंडी कशी असेल याचं चित्रही माझ्या डोक्यात तयार झालं होतं.

ते परत आले तेव्हा अंगाने भरले होते. मागावर बसू लागले. पण औषध पुढे बराच काळ चालणार होतं आणि ते आणायला तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभं राहावं लागे. ओळखीचं कोणी पाहील म्हणून ते एकदा गेले नाहीत, मग दुसऱ्यांदाही गेले नाहीत. बरं वाटत होतंच. दीड-दोन वर्षांत ते गेले. मयतीला आलेल्या लोकांना दमा असं सांगितलं.

माझी आत्या त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची. तिच्या आजोबांच्या काळी प्लेग आला तेव्हा विणकरांची आख्खी आळी माग तसेच सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली. परत आले तेव्हा कित्येक घरांत पुरुष माणूस उरलं नव्हतं. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावायला तीन-चार माणसं लागतात, एकट्या बाईला ते जमत नाही. तेव्हा ज्यांची घरं शाबूत होती त्यांनी आधी त्या बायकांचे ताणे लावून दिले आणि मग स्वतःचे. आत्या हे अभिमानाने सांगायची. भावाच्या आजाराबद्दल मात्र ती मरेपर्यंत दमाच म्हणत राहिली.

कोरोनात आमच्या वसाहतीत मी अशीच मदत जवळून पाहिली. मला स्वतःला झाला तेव्हा खाली उभे राहून लोक हाका मारत, "कसं आहे गा?" माझ्याच पाळीत काम करणारा सुधाकर आणि मी नंतर वसाहतीच्या हॉलमध्ये खिचडी शिजवून बंद घरांपुढे ठेवत होतो. दुसऱ्या लाटेत आमच्या ओळीतली माणसं गेली, तेव्हाही लोक भ्यायले, पण कोणी लाजलं नाही. टीबी कोरोनाच्या कितीतरी आधीपासून इथे आहे आणि तोही श्वासातूनच पसरतो. पण त्याला आपण साथ म्हणत नाही. ज्याच्या घरी येतो त्याचा तो खासगी मामला असतो.

वॉर्ड

औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत खोकल्यातून रक्त पडलं. फार नव्हतं, पण बेसिन लाल झालं आणि शीला पहिल्यांदा मोठ्याने रडली. मला सरकारी रुग्णालयात भरती केलं.

जानेवारीची थंडी, आणि वॉर्डच्या सगळ्या खिडक्या उघड्या. हवा खेळती राहावी म्हणून त्या बंद करायच्या नसत. आम्ही कानटोप्या घालून झोपायचो. सकाळी गोळ्या सगळ्यांना नर्ससमोर गिळाव्या लागत. लघवी नारिंगी होते हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्यांदा पाहून मी नर्सला हाक मारली. मळमळ इतकी, की भाताचा वास आला तरी तोंड फिरवायचो.

तिथे एक गोष्ट चांगली होती. उन्हाची तिरीप सकाळी व्हरांड्यात यायची आणि सफाईची मावशी आम्हा सगळ्यांच्या खुर्च्या त्या उन्हात ओढून ठेवायची. ऊन सरकलं की खुर्च्या सरकवायची. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक ऑटोवाला होता. तो दुसऱ्या खेपेला आला होता. मी विचारलं, पहिल्या वेळी काय झालं.

"काय होणार? बरा झालो न. भूक लागत होती, ऑटो चालवत होतो. मंग कशाले खायच्या गोळ्या? बायको म्हणे, अर्ध्या राहिल्या. मी म्हटलं, तूच खा."

तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली. मला वडील आठवले. त्या दुपारी मी प्रणालीला फोन केला.

"गोळी दिली काय बाळाला?"

"दिली. थुंकली थोडी. मॅडमला विचारून पुन्हा दिली."

"तुझ्या सासूबाईंना सांगायचं म्हणतो मी."

ती म्हणाली, "आई नाही म्हणते. पण मले रोज खोटं बोलता येत नाही बाबा. अमोल रोज विचारते, निमोनिया अजून काहून बरा होत नाही."

अमोल म्हणजे आमचा जावई. तो आणि त्याची आई मंदाताई नागपूरला बेसा भागात राहतात. वडील काही वर्षांपूर्वी वारले. मी व्हरांड्यात गेलो आणि मंदाताईंना फोन लावला. नमस्कार झाल्यावर सरळ सांगून टाकलं, बाळाच्या गोळीसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विहीणबाई

मी घरी आलो त्याच आठवड्यात मंदाताई आणि अमोल आले. शीलाने प्रणालीची बॅग आधीच भरून ठेवली होती. ते बाळाला घेऊन जातील आणि मग मुलगी कधी माहेरी येईल कोण जाणे, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

मी मास्क लावून गॅलरीच्या टोकाला बसलो. मंदाताईंनी बाळाला पाहिलं, पाणी प्यायल्या आणि आतली खुर्ची उचलून गॅलरीच्या दारात आणून ठेवली. अमोल म्हणाला, "आई, दूर बस थोडी." त्या तिथेच बसल्या.

"औषध सुरू होऊन किती झालं?" त्यांनी विचारलं.

"दोन आठवडे होऊन गेले."

"मळमळ होते?"

"होते."

"गोळ्या घेतल्यावर लगेच आडवं पडू नका. मले थे कळायला लय दिवस लागले होते."

शीला चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. अमोल म्हणाला, "तुले कशाले कळायला लागले?"

मंदाताई त्याच्याकडे न बघता बोलल्या. "लग्नाच्या आधी मले झाला होता. पूर्ण औषध घेतलं, बरी झाली. माझ्या आईनं सांगितलं, कोणाजवळ बोलशील तर घरात बसून राहशील जन्मभर. तुझ्या बाबाले नाही सांगितलं. तू पोटात होता तेव्हा मी रोज भ्यायची, पोराले तर नाही न होणार. डॉक्टरले विचारायची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर त्यायनं दोन मिनिटांत सांगितलं असतं."

अमोल खाली बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला कळलं नाही. नंतर प्रणाली म्हणाली की तो पुढचे कित्येक दिवस आईशी कामापुरतंच बोलत होता. वडिलांना सांगायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. ते दोघांमध्ये अजून पूर्ण मिटलेलं नाही.

मग मंदाताई शीलाकडे वळल्या. "बॅग कोणाची भरली?"

"प्रणालीची. तुम्ही न्याल म्हणून."

"दोन दोन माणसं सांभाळून तुमचं तोंड पाहा कसं झालं. ह्यायचं पथ्य, बाळंतिणीचं पथ्य. मीच राहते इथं थोडे दिवस. तुम्हाले चालत असेल तर."

विहीणबाई व्याह्यांच्या घरी राहायला, आणि तेही अशा वेळी. शीलाने चहा पुढे केला. त्या राहिल्या. रोज सकाळी बाळाची गोळी कुटून, आईच्या दुधात कालवून, चमच्याने देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

हळदीकुंकू

संक्रांतीनंतर शीलाचं हळदीकुंकू असतं. वसाहतीतल्या बायकांत तिच्या तिळाच्या वड्यांचं नाव आहे. माझ्या आजाराची बातमी तोपर्यंत फुटली होती. कशी, ते आम्हाला कळलं नाही. मी नको म्हणत होतो, पण तिने बोलावणं केलं. मी दिवसभर सुधाकरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसलो, म्हणजे बायकांना अडचण नको.

संध्याकाळी परत आलो तर वड्यांचं ताट भरलेलं होतं. वाणाच्या वाट्या तशाच रचलेल्या. कोणी आलं नव्हतं. एका शेजारणीने खालूनच सांगितलं होतं की तिच्या घरी पाहुणे आले आहेत.

शीला दिवाणावर बसून होती, नवं लुगडं नेसून. मंदाताई बाळाला थोपटत होत्या. मी दारातच थांबलो. शीला उठली, तिने हळदीकुंकवाचा करंडा घेतला आणि मंदाताईंसमोर उभी राहिली.

"मले लावून राहिल्या काय तुम्ही?" मंदाताई म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्यांना कोणी लावलं नव्हतं.

"घरी आलेल्या बाईले लावतात," शीला म्हणाली.

मंदाताईंनी कपाळ पुढे केलं. शीलाने लावताना कुंकू थोडं भुवईवर सांडलं. प्रणालीने ते पुसलं. मग त्या तिघींनी बसून वड्या खाल्ल्या. मी समोरच्या खोलीत गेलो. त्या रात्री मला पहिल्यांदा भूक लागली.

हॉल

दवाखान्यातल्या फोनवाल्या बाई, रंजना मॅडम, घरी आल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांची आणि स्टाफ बसमध्ये बसणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी, असं त्या म्हणाल्या. माझं नाव न सांगताही करता येईल. मी शीलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता कशाले लपवता? हळदीकुंकू तर झालंच."

औषधाचे पहिले दोन महिने संपले, थुंकी स्वच्छ आली आणि मी कामावर गेलो. पहिल्याच दिवशी बसमध्ये उभं राहून सांगितलं की मला टीबी होता, आता माझ्यापासून धोका नाही, पण आधी मी खोकत होतो तेव्हा तुम्ही सगळे याच बसमध्ये होता. रविवारी हॉलमध्ये एक्स-रेची गाडी येणार आहे. माझ्या शेजारची जागा परतीच्या बसमध्ये रिकामी राहिली.

त्या रविवारी आम्ही हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या. बराच वेळ फक्त कर्मचारी आणि मी. मग सुधाकर आला. तो माझ्यावर चिडलेला होता. "सगळ्यायसमोर सांगायची काय गरज होती गा? आता माझी बायको म्हणते, तू त्याच्यासंग चहा पितं." असं म्हणत त्याने शर्ट काढला आणि तो मशीनसमोर जाऊन उभा राहिला. बाहेर येऊन त्याने फोन काढला आणि ओळखीच्या एकेकाला बोलावणं सुरू केलं. बोलताना शिव्या देत होता. दुपारपर्यंत रांग हॉलच्या बाहेर गेली.

सुधाकर ठीक निघाला. दोघांच्या छातीत डाग सापडले. त्यातली एक बाई कामावरची नव्हती, आमच्याच ओळीतली गृहिणी होती, संक्रांतीला घरी पाहुणे आले म्हणणारी. तिला कोणापासून झालं ते सांगता येत नाही, माझ्यापासूनच असेल असं नाही, असं रंजना मॅडम म्हणाल्या. मला ते पटवून घ्यायला वेळ लागला. शीला मात्र त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेली. गोळ्या घेतल्यावर लगेच आडवं पडू नका, हे सांगायला.

वसाहत बदलली असं मी म्हणणार नाही. काही जण अजूनही मला पाहून रस्ता बदलतात. पण पावसाळ्यापर्यंत आमच्या इमारतीत कोणाचा खोकला लांबला की लोक राखेला दोष न देता त्याला दवाखान्यात पाठवू लागले. मला वाटतं, साथीनंतर सावरणं ते असंच, थोडं थोडं आणि कुरकुरत होत असावं.

शेवटची तपासणी

बाळाच्या गोळ्या संपल्या तेव्हा ती पालथी पडून पुढे सरकायला लागली होती. वजन व्यवस्थित होतं. बालरोगाच्या मॅडमनी तिच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आता घ्या आजोबा." खरं तर धोका संपल्याचं मला कधीच सांगितलं होतं, पण तोपर्यंत मी तिला घेत नव्हतो. त्या दिवशी घेतलं. ती माझ्याकडे पाहून रडली. मला ओळखत नव्हती. ओळख व्हायला पुढे बरेच दिवस गेले.

माझी शेवटची तपासणीही त्याच सुमारास झाली. रंजना मॅडमनी रिपोर्ट पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "बाहेर बाकावर एक बाई सकाळपासून बसल्या आहेत. आजच कळलं त्यांना. आत येत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. जरा बसता का त्यांच्यापाशी?"

माझ्याच वयाची असेल. पदर तोंडावर घट्ट धरून बसली होती. मी थोडं अंतर ठेवून बसलो. मला झाला होता, आता नाही, असं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराआडूनच म्हणाली, "तुम्ही घरी सांगितलं होतं?"

"सांगितलं."

"मंग?"

खोटं सांगायचं नव्हतं. "जड गेलं," मी म्हणालो. "काही लोक तुटले. काही असे जवळ आले की मी कधी विचार केला नव्हता." ती ऐकत होती की नाही कळेना. मग मी विचारलं, "घरात लहान कोण आहे?"

तिचा पदरावरचा हात सैल झाला. "दोन नातू. माझ्याचपाशी झोपतात."

"मग त्यांना आज तपासायला आणावं लागेल. उद्या नाही."

तिने डोळे पुसले. पिशवीतून फोन काढला, एक नंबर लावला आणि तो कानाला न लावता माझ्याकडे दिला.

"माझा पोरगा आहे," ती म्हणाली. "तुम्ही सुरुवात करून द्या. पुढचं मी बोलते."